ओवाळणीतला फोन

ओवाळणीत काय पडलं ते भावासमोर उलटंपालटं करून बघायचं नसतं. आमच्याकडे तसं बघणाऱ्या बहिणीला हावरी म्हणतात. पाकीट असेल तर तसंच देव्हाऱ्यात ठेवायचं, साडी असेल तर घडी न मोडता तिला कुंकू लावायचं, आणि काय ते भाऊ गेल्यावर बघायचं. ही रीत मी आयुष्यभर पाळली. तिचा असा फायदा उठवणारा माझा सख्खा धाकटा भाऊच निघाला, याचा राग मला अजून आहे, आणि तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यात राहते, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, एकटी. शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे आता थकलेत. भाऊ शाहपूरला असतो. वडिलांची केळीची शेती तो बघतो आणि चांगली बघतो, एवढं मला कबूल करावंच लागेल. त्याने ठिबक आणलं, टिश्यूकल्चरची रोपं आणली, माल न्यायला स्वतःच्या गाड्या घेतल्या. ड्रायव्हर रस्त्यात कुठेही टेकतात म्हणून प्रत्येक गाडीला एक यंत्र बसवून घेतलं. गाडी ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली की याच्या मोबाइलवर बारक्या भोंग्यासारखा आवाज होतो, पों. जेवत असो, कुणाच्या मयतीला बसलेला असो, पों झालं की हा समाधानाने म्हणतो, "गाडी निघाली." त्या घरात हा आवाज इतका मुरलाय की वहिनी पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणते, "निघाली वाटते."

दोन दिवाळ्यांपूर्वी भाऊबीजेला तो सहकुटुंब माझ्याकडे आला आणि ओवाळल्यावर ताटात एक फोन ठेवला. चांगला, महागाचा. माझा जुना फोन आचके देत होता, त्यामुळे मला मनापासून आनंद झाला, हे सांगताना आता जीभ कडू होते. आमच्याकडे फोन देणारा माणूस तो चालूही करून देतो. गिऱ्हाइकाला मिक्सर विकला की दुकानदार एकदा फिरवून दाखवतो, तसंच हे. मी आत वाट्यांत बासुंदी काढत होते आणि हा बाहेर खाटेवर बसून फोन चालू करून देत होता.

"ताई, हे ओके करू का?"

"कर."

"हे बी विचारून राहिला, करू?"

"अरे कर बाबा, मले काय विचारतो."

पुढे हे ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी मलाच शहाणपण शिकवलं. तू शिकलेली, गणिताची बाई, तू बघायला हवं होतंस. काय बघायचं होतं मी? भाऊबीजेला, कपाळावर माझं कुंकू मिरवणारा भाऊ माझ्या घरात बसून काय करतोय, याची राखण करायची होती? मी ते करणार नाही आणि तो दोषही घेणार नाही. ज्याने केलं त्याचा तो आहे.

आता भाचीचं. भावाची ही एकुलती एक लेक माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. शाळेच्या सुट्ट्या तिने बुधवाऱ्यात काढल्या, पहिल्यांदा पाळी आली ती माझ्याकडे, आणि आईला न सांगण्याजोगं जे काही असतं ते सगळं तिने मला सांगितलं. बारावी झाल्यावर तिने ठरवलं की शेतकी कॉलेजात जायचं. बापाच्या बागेत फिरत वाढलेली पोर, केळीच्या पानावरचा ठिपका बघून रोग ओळखणारी. बापाने आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. तो म्हणाला, "केळी पाहायले कॉलेजात काहून जायचं? इथं बाप रोज मुफ्त शिकवून राहिला." आणि रावेरच्या एका घरी तिचा फोटो पाठवून दिला.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. प्रवेश परीक्षेचं केंद्र खंडव्याला होतं. परीक्षा रविवारी होती. घरी सांगायचं की आत्या इच्छापूरला देवीला नेतेय, स्थळ जमावं म्हणून नवस बोलायला. नवसाला कोण नाही म्हणणार? शनिवारी ती माझ्याकडे मुक्कामाला येईल, सकाळच्या गाडीने आम्ही देवीकडे पाठ करून खंडव्याला जाऊ, पेपर झाला की परत. निकाल लागला की बापाशी मी भांडेन. भांडायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. हे सगळं आम्ही फोनवर लिहून बोलायचो. तिच्या घरात भिंतींना कान होते, वहिनी सारखी आसपास असायची, म्हणून बोलायचं नाही, लिहायचं. लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही अशी आमची समजूत होती.

त्या रविवारी खंडव्याला स्टेशनवरून रिक्षा करून आम्ही केंद्रावर पोचलो. पोर हॉल तिकीट छातीशी धरून पुढे चालत होती. फाटकाजवळ माझ्या भावाची जीप उभी होती. तिला टेकून तो चहा पीत होता.

मी नंतर पुष्कळदा विचार केला, त्याने आम्हाला शनिवारीच का अडवलं नाही. त्याला सगळं आठवडाभर आधी ठाऊक होतं. घरात एकदा ओरडला असता, पोर रडली असती, मी भांडले असते, त्या भांडणालाही काही मान असता. पण नाही. त्याने लेकीला नवसाच्या नावाखाली निघू दिलं, गाडीत बसू दिलं, फाटकापर्यंत येऊ दिलं. चोर रंगेहाथ सापडावा तसं त्याला ते सापडायला हवं होतं. हातात लगाम असल्याचं दुसऱ्याला कळलं नाही तर त्या लगामाची मजा काय?

त्याने चहाचा कप चुरगळला आणि तिला म्हणाला, "गाडीत बस." मग माझ्याकडे वळला. मी काही बोलायच्या आत, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी गोड आवाजात म्हणाला, "बरं केलं ताई, वेळेवर सांगितलं. नाही तर पोरगी हातची गेली असती."

"मी? मी काय सांगितलं?"

"राहू दे ना आता. तिच्या भल्यासाठीच केलं तू."

भाची माझ्याकडे बघत राहिली. तिच्यामागे बाकीची मुलं फाटकातून आत जात होती, रखवालदार घाई करत होता. ती एवढंच म्हणाली, "आत्या, तू?" मी नाही म्हणाले, शपथ घेतली, तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. "तुझ्याशिवाय कुणाले मालूमच नव्हतं," ती म्हणाली. मागच्या सीटवर बसून तिने काच वर केली, आणि जीप निघून गेली.

मी एकटी गाडीने परत आले. वाटभर मला एकच कोडं पडलं होतं, की याला कळलं कसं, आणि कळलं तर माझं नाव का घेतलं. वाटलं, पोरीनेच मैत्रिणीजवळ बोलून टाकलं असेल. फोन माझ्या मांडीवरच पडलेला होता, तोच सगळं सांगत होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिने माझा नंबर ब्लॉक करून टाकला. मी शाहपूरला गेले तर तिने ट्रेमध्ये पाणी आणलं, पाहुण्याला आणतात तसं, आणि म्हणाली, "घ्या, आत्या." जन्मापासून मला तू म्हणणारी पोर घ्या म्हणाली. बोलायला गेले तर म्हणे, "जाऊ द्या ना, अब क्या फायदा." रावेरचे लोक येऊन बघून गेले. तिने होकार दिला. वहिनीने आनंदाने मला फोन केला की आता पोरगी कशी समजूतदार झाली, काही म्हणजे काही बोलत नाही. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं. मला त्या होकाराची भीती वाटली. तिला मुलगा पसंत असता तर मी नाचले असते. पण भरवशाचं कुणी उरलं नाही म्हणून ती मान हलवत होती, आणि त्या कुणीमध्ये मी होते.

पावसाळा संपता संपता माझ्या छातीत एक गाठ हाताला लागली. बुऱ्हाणपुरात डॉक्टरकडे गेलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं, म्हणून मी शाळेत रजा टाकून जळगावला गेले. कुणालाही सांगितलं नाही. शेजारणीला नाही, शाळेत नाही, देवालासुद्धा नीटसं सांगितलं नाही. गाठ साधी निघाली. घरी येऊन चहा ठेवते तोच भावाचा फोन.

"ताई, जळगावले दवाखान्यात काहून गेली होती? काय झालं तुले?"

त्याचा आवाज खरंच घाबरलेला होता. मी म्हणाले, शाळेतल्या बाईंची आई तिथे भरती आहे, तिला बघायला गेले होते. फोन ठेवला. चहा उतू गेला. जी गोष्ट मी एकाही माणसाला सांगितली नव्हती ती त्याला कळली होती, म्हणजे सांगणारा माणूस नव्हताच.

मग मी तो फोन घेऊन बसले आणि आतलं सगळं एकेक करून उघडलं. सेटिंगमध्ये, पडद्यावर कुठेही चित्र नसलेलं एक ॲप सापडलं. नाव असं साळसूद की फोनचाच एखादा भाग वाटावा. त्याला कशाकशाची परवानगी आहे ते बघितलं. मी कुठे आहे, त्याची. माझे मेसेज, फोटो, कुणाशी बोलले, त्याची. माइक, कॅमेरा. सगळ्यापुढे हो, हो, हो. काढून टाकायला गेले तर त्याने मलाच पासवर्ड विचारला. माझ्या फोनने, माझ्या घरात, मला.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मी तेव्हा अनुभवलं. एकटी राहणारी बाई घरात काय काय बोलते. मी कुंड्यांशी बोलते. भसाड्या आवाजात गाते. गाठ हाताला लागली तेव्हा आरशासमोर उभी राहून आईला हाक मारली होती, आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी. यातलं किती त्याने ऐकलं, ऐकलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही, आणि तो सांगेल त्यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. शाळेतल्या एका शहाण्या सरांना मी हे आडून विचारलं, तर ते म्हणाले, लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला. मी म्हटलं, सर, तुम्ही आंघोळीला बसता तेव्हा कडी लावता ना, आत काय चोरी करत असता? त्यानंतर ते माझ्याशी डब्याच्या सुट्टीत बोलत नाहीत.

पोलिसांत जा, असंही एकीने सुचवलं. सख्ख्या भावावर बहीण तक्रार करणार नाही, याच हिशेबावर तर त्याचा सगळा डोलारा उभा होता. आणि मला शिक्षा नको होती, मला भाची हवी होती. तिला जाऊन सांगावं, तर सांगणार काय? की मी नाही, माझ्या फोनने सांगितलं? पकडली गेलेली माणसं असलंच काहीतरी सांगतात. मी तिच्या जागी असते तर माझाही विश्वास बसला नसता.

तेव्हा मला तो पों आठवला. भाऊ मला न्यायला येई आणि त्याच्या जीपमधून बुधवारा सोडून आम्ही जरा पुढे गेलो की त्याचा फोन वाजे. दर वेळी. तो म्हणे, "गाडी निघाली," आणि मी वेडी विचारत असे, कुठली रे, भुसावळची का?

दिवाळीपर्यंत मी त्या फोनला हातही लावला नाही, म्हणजे रोज वापरत होते, पण काही कळल्याचं दाखवलं नाही. एकदा मात्र राहवलं नाही. कुंडीला पाणी घालता घालता मोठ्याने म्हणाले, माझ्या भावाला ती मिशी मुळीच शोभत नाही, बोक्यासारखा दिसतो. भाऊबीजेला तो आला तो मिशी काढून.

सगळे आले होते. भाची येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज माल नाही का गेला?" भाऊ म्हणाला, "भाऊबीजेले कोण केळी कापते, ताई? मजूर आपापल्या बहिणीकडे, ड्रायव्हर बी. सगळ्या गाड्या उभ्या आहेत." एवढंच मला हवं होतं. शेजारीण स्कूटरवर तिच्या भावाकडे लालबागला निघाली होती. तिला मी फोन घरात ठेवून, जिन्यात गाठून आधीच सांगून ठेवलं होतं. माझा फोन तिच्या पर्समध्ये गेला आणि ती जिना उतरली.

मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, भावाला बसवलं. ओवाळून होईपर्यंत पाटावरून उठायचं नसतं, हीही आमची रीत. टोपी घातली, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. सुपारी फिरवली. मग निरांजनाचं ताट घेतलं आणि ओवाळायला लागले, सावकाश. ओवाळतच राहिले. वहिनी म्हणाली, "झालं ना ताई, किती वेळ." मी म्हटलं, वर्षाचा सण आहे. हात भरून आले होते. मला वाटायला लागलं की काहीच होणार नाही, मी सगळा खेळ मनातच रचला.

पों.

त्याच्या शर्टाच्या खिशात. वहिनी सवयीने बोलून गेली, "निघाली वाटते." आणि मग तीच थांबली.

भाऊ उठायला गेला. मी ताट त्याच्या तोंडासमोर धरलं. "बस. अजून व्हायचंय."

खिडकीकडे बघणारी पोर वळली होती. ती बापाकडे बघत होती, त्याच्या खिशाकडे. ती केळीवाल्याची लेक आहे, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती उठून आली आणि म्हणाली, "पप्पा, कोणती गाडी निघाली?"

तिने त्याच्या खिशातून फोन काढला, आणि तो तिला अडवू शकला नाही, कारण माझी ज्योत त्याच्या नाकापुढे होती. नकाशावर लालबागच्या रस्त्याने एक ठिपका सरकत होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं, ताई. तिने बोटाने नकाशा मागे ओढला. बुधवाऱ्यात, माझ्या घरावर, आणखी दोन ठिपके स्थिर उभे होते. एक तिच्या आईचा होता आणि एक तिचा. वहिनीने वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"खंडव्याचं आत्याने नव्हतं सांगितलं," भाची म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

भाऊ पाटावर बसल्या बसल्या रडवेला झाला. "काळजी वाटते ना बेटा. जमाना कसा आहे. ताई एकटी राहते. जळगावले गेली तर मले रात्रभर झोप नाही." तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं, आणि त्यानेच मी जास्त पेटले. काळजी होती तर दार वाजवून विचारायचं होतं. काळजी होती तर फाटकाशी उभं राहून माझ्या पोरीला माझ्यापासून तोडायचं नव्हतं. ते तू स्वतःची चोरी झाकायला केलंस, मी म्हणाले, आणि झाकायला माझं नाव वापरलंस, ते तुला मी माफ करणार नाही. केळीचा घड आणि बाई यांतला फरक तुला कळत नाही. असंच आणखी पुष्कळ बोलले, ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

त्याने खाली मान घालून साडी ताटात ठेवली. मी ती उचलून वहिनीच्या मांडीवर टाकली. "मला साडी नको. पुढच्या परीक्षेला तू स्वतः हिला खंडव्याला घेऊन जायचं. फाटकापर्यंत सोडायचं आणि चहा पीत उभं राहायचं. आणि रावेरला आजच कळवायचं. ही माझी ओवाळणी."

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "ठीक आहे ताई. घेऊन जाईन."

मला वाटलं, जिंकले. मी भाचीकडे बघितलं. तिने बापाचा फोन परत त्याच्या मांडीवर ठेवला होता. आपला फोन पर्समधून काढून तो बंद केला, आणि देव्हाऱ्यासमोर पालथा ठेवून दिला.

"नको," ती म्हणाली. "रावेरले मी स्वतः फोन करीन, आत्याच्या शेजारणीच्या फोनवरून. आणि खंडव्याले मी एकटी जाईन. पप्पा नको."

मग माझ्याजवळ येऊन तिने माझ्या हातातलं ताट घेतलं, जड झालं होतं म्हणून. मला पुन्हा तू म्हणाली, घ्या नाही म्हणाली. "तू बी नको येऊ, आत्या. पोचले की सांगीन. सांगावंसं वाटलं तर."